पंचनानांचा कान

पंचनाना कबड्डी कानानं बघायचे. चढाईला निघालेल्या खेळाडूनं मध्यरेषा ओलांडली की कडेला उभ्या असलेल्या नानांची मान कलायची, उजवा कान पुढं यायचा आणि चेहऱ्यावर असा भाव यायचा, की बघणाऱ्याला वाटावं हा माणूस शेजारच्या घरातलं भांडण ऐकतोय. डोळे रेषेवर असायचेच, पण खरं काम कानाचं. पहिल्यांदा बघणारी पोरं फिदीफिदी हसायची. मग नानांनी त्यांच्यातल्याच एखाद्याला दम तुटला म्हणून बाहेर बसवलं की हसणं आपोआप बंद व्हायचं.

ज्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर बघितली आहे त्यांच्यासाठी सांगते. चढाई करणाऱ्यानं समोरच्या हद्दीत असेपर्यंत एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं, आणि ऐकू जाईल असं म्हणायचं. तो दम. मध्येच श्वास घेतला, दम तुटला, तर खेळाडू बाद. हल्ली घड्याळ लावून चढाई होते, सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडं, आणि खेळाडू नुसते ओठ हलवतात. नानांना त्याचा भयंकर राग. टीव्हीवर सामना लागला की ते म्हणायचे, "तोंड काय, म्हशीबी हलवत्यात." आणि चॅनल बदलायचे.

नानांना खरं नाव होतं, पण ते कंपनीच्या हजेरीत आणि भाऊबंदांच्या लग्नपत्रिकेत. पंचवटीत, आणि कबड्डी खेळली जाते अशा जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात, ते पंचनाना. मूळचे सिन्नरकडचे. सातपूरला एका कंपनीत प्रेसशॉपमध्ये कामाला होते. तिथं दिवसभर पत्र्यावर धाडधाड प्रेस पडायची. कानात घालायला कंपनी बोळे द्यायची, पण नाना ते खिशात ठेवायचे. मशीनचा आवाज जरा बदलला की हात मागं घ्यावा लागतो, नाहीतर बोटं जातात, असं त्यांचं म्हणणं. शेवटपर्यंत त्यांची दहाही बोटं शाबूत राहिली. पहिली पाळी सुटली की सायकल थेट मैदानावर. घरी त्यांची बायको, आमच्या काकू, जेवायला थांबल्या आहेत हे त्यांना अंधार पडल्यावर आठवायचं.

मी त्यांना पहिल्यांदा बघितलं ते शाळेत असताना, आमच्या भागातल्या एका मोठ्या स्पर्धेत. आमच्याकडं तेव्हा एक नावाजलेला चढाईपटू होता. दिसायला देखणा, अंगानं तयार, आणि श्वास चोरण्यात एकदम पटाईत. मान वळवायच्या निमित्तानं असा काही श्वास घ्यायचा की कुणाला पत्ता लागू नये. अंतिम सामन्यात, पाहुणे मंडपात बसलेले, हलगी वाजतेय, लोक नाचताहेत, आणि नानांनी हात वर केला. दम तुटला. क्षणभर कुणाला काही कळेना, मग खुर्च्या उडायला लागल्या. लोक अंगावर धावून आले. नाना जागचे हलले नाहीत. त्या चढाईपटूकडं बघून एवढंच म्हणाले, "मी खोटं बोलतोय का? तू सांग." तो गडी खाली मान घालून बाहेर जाऊन बसला. त्याचा संघ हरला.

खरी गंमत पुढं आहे. सामना संपल्यावर नाना त्याच हरलेल्या संघात जाऊन बसले आणि चहा मागवला. ज्यांनी अर्ध्या तासापूर्वी त्यांच्या अंगावर खुर्च्या भिरकावल्या होत्या, त्यांनीच सरकून त्यांना जागा करून दिली. ही त्यांची सवयच होती. सामन्याआधी कुठल्याही संघाकडचा पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, पिशवीत घरची भाकरी आणि पाण्याची बाटली असायची. सामना संपला की मात्र चहा हरलेल्यांबरोबर. मी पुढं एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "जिंकलेल्यांना चहा पाजायला गाव हाय. हरलेल्यांचा चहा गार व्हतो, कोण पीत नाय." तिथं बसून ते निर्णयाचं समर्थन करत नसत, उपदेश करत नसत. कुणाची पकड सुरेख होती, कुणाचा पाय कुठं चुकला, असलं काहीतरी बोलायचे. कुणाला शिव्या द्यायच्या असतील तर त्याही ऐकून घ्यायचे.

मी शाळेत क्रीडाशिक्षिका झाले तेव्हा त्यांनीच माझ्या मागं लागून मला पंचांच्या परीक्षेला बसवलं. मी खेळले होते बऱ्यापैकी, पण पंच व्हायची मला धास्ती वाटायची. म्हटलं, नाना, एवढ्या लोकांसमोर चुकलं तर? ते म्हणाले, "नंदे, पाय कुठं लागला हे शंभर लोक बघतात. दम एकट्या पंचाला ऐकू येतो. तिथं तुझ्यावर नजर ठेवायला कोणच नसतंय. पंचाचा निर्णय अंतिम असतोय, म्हणून हात वर करताना तो जड वाटला पाहिजे." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जिल्ह्यातल्या प्रत्येक नव्या पंचानं ते ऐकलं आहे. मीही माझ्या पोरींना ऐकवते, पण आता जरा अडखळत. का, ते सांगते.

नाना कंपनीतून निवृत्त झाल्यानंतरची गोष्ट. पंचवटीत आमच्या मैदानावर मुलींची जिल्हा स्पर्धा होती. त्यातून जिल्ह्याचा संघ निवडायचा होता. आमच्याकडची रीत अशी, की निवड समिती अंतिम सामन्यातल्या दोन संघांतूनच मुली उचलते. बाकीच्यांनी कितीही जीव तोडून खेळावं, त्यांच्याकडं कुणी बघत नाही. रीत चुकीची आहे हे सगळे जाणतात आणि तीच चालू ठेवतात.

उपांत्य सामना होता शहरातल्या एका संघाचा आणि सटाण्याकडच्या एका खेड्यातल्या मुलींचा. त्या मुली पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या. त्यांच्यात कोमल नावाची एक चढाईपटू होती. काटकुळी, पायात विजेसारखी चपळाई, आणि आवाज मात्र इतका बारीक, की अशा मुलीला मी वर्गात हजेरीला दोनदा उठवते. चढाईला निघताना ती वाकून मध्यरेषेला हात लावायची आणि कपाळाला लावायची. मी त्या दिवशी गुणलेखनाच्या टेबलावर होते. त्यांच्या सरांनी सामन्याआधी तिथं येऊन सांगितलं होतं, की हिची जिल्ह्यात निवड झाली तर नाशिकचं एक कॉलेज हिला घ्यायला तयार आहे, हॉस्टेलसकट. तिच्या वडिलांनी तेवढ्यावरच लग्न थांबवायचं कबूल केलंय. एक स्थळ आलंय. पोरगी निवडली गेली तर शिकेल, नाहीतर ते होकार कळवून टाकणार. सर हे सगळं हसत हसत सांगत होते, पण घाम पुसत होते.

सामना शेवटच्या चढाईवर आला. कोमलचा संघ एका गुणानं मागं. ती गेली, डाव्या कोपऱ्यातल्या मुलीला लाथेनं शिवली, वळता वळता दुसरीच्या दंडाला हात लावला, आणि तिसरीचा हात चुकवून मध्यरेषेवर येऊन पडली. दोन गुण, सामना त्यांचा. त्यांच्या मुली मैदानात धावल्या. तेवढ्यात सगळ्यांचं लक्ष नानांकडं गेलं. त्यांचा हात वर होता. दम तुटला.

मैदानात लाउडस्पीकर चालू होता, पोरीबाळी किंचाळत होत्या. मला टेबलावर दम ऐकू यायचा प्रश्नच नव्हता. मुख्य पंचांनी नानांकडं बघितलं, नानांनी मान हलवली, आणि शिट्टी झाली. कुणी हरकत घेतली नाही. कोमलच्या सरांनीसुद्धा नाही. घेणार कोण? सगळ्या जिल्ह्यात नानांच्या कानावर शंका घेणारा माणूस नव्हता. मी गुण मांडले, सामना संपला.

सवयीप्रमाणे नाना त्या हरलेल्या मुलींत जाऊन बसले. चहा आला. मीही तिकडं गेले, कारण मला त्या पोरीचं वाईट वाटत होतं. कोमल उठून नानांसमोर उभी राहिली. रडत नव्हती. हाताच्या अंतरावरून म्हणाली, "सर, मी म्हणत होते." नानांनी मान कलती केली आणि विचारलं, "काय म्हणलीस, बाळ?" ती पुन्हा तेच म्हणाली. नाना तिच्या ओठांकडं बघत राहिले. लाउडस्पीकर तेव्हा बंद होता, बाकी मुली गप्प बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "नंदे, ही काय म्हणती?"

मी त्यांना सांगितलं. माझा आवाज घोगरा आहे, मैदानावर ओरडून ओरडून बसलेला. तो त्यांना स्वच्छ ऐकू गेला. त्यांच्या हातातली चहाची बशी कलली आणि चहा धोतरावर सांडला. पोळलं असणार, पण त्यांना कळलंही नाही. 

मग उठले आणि तडक आयोजकांच्या टेबलाशी गेले. म्हणाले, माझा निर्णय चुकलाय, मला ऐकू आलं नव्हतं, सामना त्या मुलींना द्या. आयोजकांना वाटलं म्हातारा उन्हानं भ्रमिष्ट झाला. समजूत घालायला लागले. नाना ऐकेनात, तेव्हा त्यांच्यातला एकजण, नानांच्याच हाताखाली पंच झालेला, हात जोडून म्हणाला, "नाना, पंचाचा निर्णय अंतिम असतो, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंय."  तिकडं अंतिम सामन्याची नाणेफेक झाली. सटाण्याच्या मुली पिशव्या उचलून एसटी स्टँडकडं निघून गेल्या.

आठवडाभरात मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ नाना नुसते बसून. मला वाटलं, तपासणी अजून सुरू व्हायची आहे. बाहेर आल्यावर त्यांनी तपासणी करणाऱ्या मुलीला सांगितलं की तुमचं मशीन बंद होतं. मशीन बंद नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं, की वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलं की आधी बारीक आवाज जातात. मोठा, जाड आवाज ऐकू येत राहतो, म्हणून माणसाला वाटतं आपले कान ठणठणीत आहेत. पुरुषांचे सामने त्यांना ऐकू येत होते, काकूंचं ओरडणं ऐकू येत होतं, माझी बडबड ऐकू येत होती. जात होत्या त्या बारीक आवाजाच्या मुली. नानांनी एकच विचारलं, हे कधीपासून असेल? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, बरीच वर्षं झाली असतील.

मला वाटतं, नाना त्याच दिवशी अर्धे गेले.  परतताना रिक्षा पुलावर आली तेव्हा म्हणाले, "किती पोरी असतील गं?"  मी नदीकडं बघत बसले.

कोमलच्या गावाला जायचं त्यांनीच ठरवलं. मी म्हटलं, नाना, फोन करू, सरांचा नंबर आहे. तर माझ्यावर खेकसले, की मला फोनवर ऐकू येतं का? एसटीनं सटाण्याला, तिथून जीपनं पुढं. कोमलच्या घरापुढं कांदा पसरलेला होता, बायका निवडत बसल्या होत्या. तिचे वडील सज्जन माणूस. "बठा, पाणी ल्या," असं अहिराणीत म्हणून बाज पुढं ओढली. नानांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. वडील ऐकत होते, हातातला कांदा या हातातून त्या हातात करत होते. नाना थांबल्यावर ते हळूच म्हणाले, "आते काय उपेग शे, नाना? मी जबान दिधी." साखरपुडा आदल्याच आठवड्यात होऊन गेला होता. मुलगा फौजेत होता, चांगला होता. माणसं नावं ठेवण्यासारखी नव्हती.

कोमल दाराशी उभी होती. नानांनी तिला जवळ बोलावलं आणि वडिलांच्या देखत हात जोडले. ती गोंधळली. म्हणाली, "सर, तुमचा राग नाही आला मला. मैदानावर वाटलं होतं, मी म्हणत होते. पण मग घरी येऊन विचार केला, पंचनाना म्हणाले म्हणजे तुटलाच असेल माझा दम. मलाच कळलं नसेल."

 निवड गेली, कॉलेज गेलं, हे तर होतंच. पण त्या पोरीनं स्वतःच्या छातीतला श्वास खोटा मानला होता, आणि तो नानांच्या चांगल्या नावामुळं. एखादा लबाड पंच असता तर तिनं त्याला शिव्या घालून आपला दम खरा धरला असता. नानांच्या बाबतीत ती सोयही नव्हती. ती जे म्हणाली ते मला नानांना मोठ्यानं सांगावं लागणार होतं, आणि माझ्याच्यानं तोंड उघडेना. शेवटी तिच्या वडिलांनीच त्यांच्या कानाशी जाऊन ते सांगितलं.

नाना म्हणाले, "पोरी, एकदा दम घाल. इथं, माझ्या कानाशी." ती लाजली, आईकडं बघितलं, मग जवळ आली. नाना वाकले, उजवा कान तिच्या तोंडापाशी नेला. तिनं सुरू केलं. कांदा निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. बारीक पण सलग, कुठं गचका नाही, काही नाही. एका श्वासात किती वेळ गेली पोरगी! थांबली तेव्हा नानांचे डोळे भरलेले होते. वडिलांकडं वळून, अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ते म्हणाले, "हिचा दम तुटला नव्हता. माझे कान गेले होते. हे ध्यानात ठेवा." मग तिलाही तेच म्हणाले, जरा हळू.

लग्न ठरल्याप्रमाणं झालं. आम्हाला पत्रिका आली होती. नाना गेले नाहीत, मला म्हणाले, कुठल्या तोंडानं जाऊ?

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत त्यांनी उद्घाटनाला माइक मागितला. काय बोलणार हे मला आधी कळलं होतं आणि मी भांडभांड भांडले. म्हटलं, शिट्टी खाली ठेवायची तर ठेवा, चारचौघांत कशाला? वय झालं म्हणून सांगा, लोक शाल देतील, नारळ देतील, मानानं घरी जा. नाना शांतपणे म्हणाले, "नंदे, चढाईवाल्याला आपण काय सांगतो? मनातल्या मनात म्हणू नको, ऐकू जाईल असं म्हण. मग माझी चूक मी मनातल्या मनात कशी म्हणू?"

आणि त्यांनी सांगितलं. माझे कान गेलेत, कधी गेले मला ठाऊक नाही, ज्या मुलींना मी दम तुटला म्हणून बाद केलं त्यांतल्या काहींचा दम तुटला नव्हता, कुठल्या ते मला सांगता येत नाही, मी त्यांचा अपराधी आहे. एवढं बोलून माइक ठेवला. टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळेना.

लोकांनी डोक्यावर घेतलं असेल, असं तुम्हाला वाटत असेल. छे! आठ दिवस वाहवा झाली, मग सुरू झालं. जुन्या हरलेल्या संघांना आपापले पराभव आठवले. ज्यांना नानांनी रेषेबाहेर गेल्याबद्दल बाद केलं होतं तेसुद्धा म्हणायला लागले, त्या बहिऱ्यानं आमचं वाटोळं केलं. त्या श्वास चोरणाऱ्या देखण्या गड्यानं तर चहाच्या टपरीवर जाहीर केलं, की आपला दमही तेव्हा तुटलेला नव्हता. तेव्हाचे नानांचे कान मांजरासारखे होते हे मी स्वतः बघितलं आहे. मला असा संताप आला, की मी त्याच्या घरी जाऊन त्याला चार शब्द सुनावणार होते. नानांनी अडवलं. म्हणाले, "त्यातले काही खोटं बोलतात, काही खरं. कोणते कोण, हे मला कुठं कळतंय? मग सगळ्यांचंच ऐकून घ्यायचं." स्पर्धेवाल्यांनी त्यांना बोलावणं हळूहळू बंद केलं. पत्रिकेत नाव छापलं तर उगाच वाद नको म्हणून.

तरी ते मैदानावर यायचे. कानात मशीन लावून, कडेच्या दगडावर बसायचे. मी मुलींचा सराव घेत असले की मध्येच खूण करून विचारायचे, दम होता का? मी मान हलवली की त्यांना बरं वाटायचं. एखादीचा आवाज फारच बारीक असेल तर मी तिच्या बाजूनं रेषेला धरून चालत जाते, ही सवय मला त्याच दिवसांत लागली. सामना संपला की ते उठून हरलेल्या मुलींत जाऊन बसायचे. नव्या मुलींना ते कोण हे माहीत नसायचं. कुणीतरी आजोबा म्हणून त्या सरकून जागा द्यायच्या आणि आपसात बोलत राहायच्या. त्यांना त्यातलं काही ऐकू येत नसे. चहा मात्र पूर्ण प्यायचे.

या हिवाळ्यात नाना गेले. त्याआधी दोनेक महिने अंथरुणाला खिळून होते. कानातलं मशीन काकूंनी काढून ठेवलं होतं, कारण त्याचा काही उपयोग उरला नव्हता. जाड आवाजही गेले, माझाही गेला. मी जाऊन नुसती बसायची. आयुष्यभर ज्याच्यापुढं मी बडबड केली त्याच्यापुढं गप्प बसणं मला फार जड गेलं.

त्याच दिवसांत कोमलचा फोन आला. नवऱ्याची बदली देवळाली कॅम्पला झाली होती. नानांचं विचारलं, मी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती नानांच्या दारात उभी. अंगानं भरली होती, कपाळाला मोठी टिकली, पण आवाज तोच. आत आली, कॉटजवळ स्टुलावर बसली. नानांनी तिला ओळखलं. ती काहीतरी बोलली, नानांनी कानाकडं हात नेऊन नाही अशी खूण केली आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. मला वाटलं, आता ती उठेल.

ती उठली नाही. तिनं नानांचा हात उचलला, तळवा आपल्या गळ्यावर ठेवला, वरून स्वतःचा हात धरला, आणि दम घालायला सुरुवात केली. नानांची मान वळली. ते तिच्या तोंडाकडं बघत नव्हते, आपल्या हाताकडं बघत होते. घरात काकू, मी आणि तो बारीक आवाज. पूर्वीसारखा लांब दम आता राहिला नव्हता तिचा, संसारात कुठं राहतो! पण सरळ होता. संपला तेव्हा तिनं त्यांचा हात हलकेच खाली ठेवला.

काही वेळानं तो हात पांघरुणावरून वर उठला.  दोन बोटं सरळ झाली आणि कोमलच्या बाजूला वळली. काकू घाबरून पुढं झाल्या, मला विचारायला लागल्या, काय मागताहेत हे, पाणी हवंय का? मी त्यांना म्हटलं, "काही मागत नाहीत काकू. गुण देताहेत."

कोमलनं वाकून फरशीला हात लावला आणि कपाळाला लावला. मग डोळे पुसून काकूंना म्हणाली, चहा मी ठेवते. नानांना त्या दिवसांत चमच्याचमच्यानं भरवावं लागायचं, फार वेळ लागायचा. तेवढ्यात चहा गार होऊ नये म्हणून ती कप दोन्ही हातांत झाकून धरून बसली होती.